भोकाचा रुपया

भोक पडलेलं दुर्मिळ नाणं घ्यावं का, असं नाणी जमवणारे नवे छंदी विचारतात. खुशाल घ्या म्हणते मी. स्वस्तात मिळतं म्हणून नव्हे; का, ते पुढे सांगते.

मी कुरुंद्याच्या शाळेत शिकवत होते आणि निजामाचे चारमिनारवाले रुपये जमवत होते. डब्यात एका सालाची जागा आठ वर्षं रिकामी होती. धड नाणं माझ्या ऐपतीबाहेरचं. शेवटी वारंगा फाट्यावर जुन्या चांदीच्या दुकानात ते सापडलं. साल बराबर तेच, पण वर भोक. बंजारा तांड्यावरच्या बाया असे रुपये ओवून गळ्यात घालतात. दुकानदार चाचांनी नुसत्या चांदीच्या भावात दिलं.

"आठ वर्षं थांबलीस अन् शेवटी भोक घेऊन आलीस व्हय?" आमचे हे म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग यायचं कारण, मलाही तेच वाटत होतं. मग मी अक्कल पाजळली. सोनाराकडून भोक बुजवून घ्यायचं ठरवलं.

त्या दिवशी शाळेतून परस्पर सोनाराकडे जायचं होतं, म्हणून रुपया पर्समध्ये होता. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांड्यावरच्या. त्यांना सहज दाखवला. त्यांनी तो उलटा केला आणि बोट ठेवलं.

"ह्यो माझ्या आईच्या गळ्यातला हाय, बाई. आमच्या बापानं खिळा ठोकला तवा पयल्यांदा हात चुकला. ही बघा खूण. मंग इकडं भोक पाडलं. भावाच्या दुखण्यात समदी माळ इकली."

भोकाशेजारी खरंच एक खळगा होता. मी त्याला नुसती खराबी समजले होते.

"पुढल्या हप्त्यात पोरीचं लगीन हाय," मावशी म्हणाल्या. "एक दिवस घालू द्याल का?"

हो म्हणाले, पण मनापासून नाही, खोटं कशाला बोलू. रुपया परत नाही आला तर मागायला मला तोंड नव्हतं.

लग्नाला गेले. नवरीच्या गळ्यात लाल दोऱ्यात माझा रुपया, म्हणजे त्यांचा रुपया, आणि मावशी येईल त्याला तो दाखवून राहिल्या होत्या. इतका आनंद मला तो सापडला तेव्हाही झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मावशींनी तो आणून दिला. "दोरा काढून देऊ का?"

"राहू द्या," मी म्हणाले. "तुमच्या धाकटीच्या लग्नाला लागेल."

दोऱ्यामुळे डब्याचं झाकण तेव्हापासून नीट बसत नाही.