कासवासाठी दिलेली मुलाखत

कसबा पेठेतल्या त्या दुकानदाराने मला पहिल्यांदा रिकाम्या हाताने परत पाठवलं, तेव्हा गाडीपर्यंत जाताना मी तीनदा थांबलो. मागे फिरून त्याला काय काय सुनवायचं ते जुळवत होतो. चांगली उत्तरं मला नेहमी बाहेर पडल्यावर सुचतात आणि त्याने राग आणखी चढतो.

मी यवतमाळकडचा. बावीस वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन पुण्यात आलो, दुसऱ्याच्या हाताखाली अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या. आता खराडी-वाघोलीच्या नव्या इमारतींत माझी माणसं खिडक्या बसवतात. भाव करणं हे माझं निम्मं काम. समोरचा किती वेळात खाली येतो, बोलताना कुठे बघतो, एवढ्यावरून मला माल कळतो.

मुलगी बारा वर्षांची. तिने माझ्याकडे काही मागणं जवळपास बंद केलं होतं. हवं नको ते आईला सांगायची. मी घरी असलो तरी फोनवर, नाहीतर खाली पार्किंगमध्ये कुणाशी तरी बोलत उभा. मग एका सकाळी मी बूट घालत असताना तिने वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. त्यावर नाण्याएवढं कासव काढलेलं आणि खाली यादी: टब, दिवा, चढून बसायला दगड. "एवढंच हवंय, बाबा," म्हणाली. या वेळी मी हयगय केली तर ती पुन्हा कधी मागणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून माणूस पाठवला नाही, स्वतः गेलो.

दुकान अरुंद, जमिनीपासून छतापर्यंत माशांच्या काचेच्या टाक्या. मालक पासष्टीचा. बोलताना गिऱ्हाइकाकडे न बघता माशांकडे बघणारा. लहानपणी वडिलांबरोबर मी बकऱ्यांच्या बाजारात जायचो. डोळे बघायचे, दात बघायचे, चालवून पाय बघायचे. तीच नजर इथे लावली. पारदर्शक डब्यात परदेशी जातीची कासवं होती, कानाजवळ लाल पट्टी असलेली. एक उचलून बघितलं. चारी पाय जोरात झाडले, डोळे टक्क उघडे, पाठ टणक. माल चांगला होता. किंमत विचारली. त्याने सांगितली, मी निम्मी म्हणालो.

"आपण राहता कुठे?" त्याने विचारलं.

मला वाटलं, गिऱ्हाईक जोखतोय. वाघोली, मुलीसाठी हवंय म्हणालो. मग सुरू झालं. कितवा मजला, गॅलरीत ऊन किती वाजेपर्यंत, टाकी केवढी, पाणी टँकरचं की नळाचं, मुलगी शिकायला बाहेर गेली की कोण बघणार. प्रत्येक प्रश्नागणिक माझे कान तापत गेले. पुण्यात नवा असताना याच भागात दोन गल्ल्या पलीकडे मी खोली बघायला गेलो होतो. गाव कुठलं, खाता काय, पाहुणे किती येतात, असं सगळं विचारून झाल्यावर मालकीणबाई म्हणाल्या की खोली कालच दिली. भाड्याची पाटी पुढे महिनाभर दारावर होती. मी रोज त्या रस्त्याने जायचो, म्हणून मला माहीत.

"मी कासव घ्यायला आलोय, सोयरीक जमवायला नाही," मी म्हणालो.

"सोयरीक मोडता येते. हे तीस वर्षं जगतं."

एवढं बोलून तो शेजारच्या बाईंकडे वळला. त्या एका टाकीतले मासे मागत होत्या. हे परवाच आलेत, पंधरा दिवस नजरेखाली ठेवल्याशिवाय देत नाही, असं त्याने त्यांना सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि निघून गेल्या. पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायचं आणि त्यानेही ते ऐकून घ्यायचं, हा काय धंदा झाला?

दुसऱ्या दिवशी खराडीत दुसरं दुकान गाठलं. काचेचं दार, आत गारवा, गाणी चालू. किंमत विचारली, निम्मी म्हणालो. "चालेल," मालक म्हणाला आणि हात पॅकिंगच्या डब्याकडे गेला.

मी तिथेच सावध झालो. एका दमात जो निम्म्यावर येतो त्याला माल आजच्या आज बाहेर काढायचा असतो. वाकून बघितलं. टाकीतले मासे पर मिटून वर पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडत होते, एकाच्या शेपटीवर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके. तीन कासवं होती. दोघांचे डोळे सुजून बंद झालेले, तिसरं एका अंगावर कलंडून तरंगत होतं. झोपलीत, मालक म्हणाला. दोन घ्या, तिसरं फुकट देतो.

मी बाहेर आलो. नगर रस्त्यावर गाडी अर्धा तास जागची हलली नाही आणि तेवढा वेळ मी स्वतःशीच भांडत होतो. जो पैशाने हलला नाही त्याच्याकडेच निरोगी जनावर होतं. हे मला कळत होतं आणि कळत असल्याचाच संताप येत होता.

रविवारी पुन्हा कसबा पेठेत. "आलात?" एवढंच तो म्हणाला. मी उत्तरं देऊन टाकली. आठवा मजला, पूर्वेची गॅलरी, अकरापर्यंत ऊन, पाणी टँकरचं. बघणार कोण? मी, असं म्हणालो. त्याने जागा दाखवायला सांगितली, म्हणून घरी व्हिडिओ कॉल लावला. मुलीने उचलला. त्याने फोन माझ्या हातातून सरळ काढून घेतला. तिने गॅलरी दाखवली, आणून ठेवलेला टब दाखवला.

"पाणी कोण बदलणार, बाळ?"

"मी आणि आई."

"आणि बाबा?"

"बाबा घरी नसतात."

तक्रार नव्हती त्यात. पत्ता सांगावा तसं सांगितलं तिने. दुकानात आणखी दोघं होते. मी माशांच्या खाद्याच्या पुड्यांवरची नावं वाचत राहिलो.

तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. फोन घेऊन मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे मोठ्या टबात भाकरीएवढं कासव विटेवर मान ताणून बसलेलं होतं. कुणीतरी हौसेने लहान असताना नेलं, वाढल्यावर परत आणून दिलं. लहान मी तुम्हाला देणार नाही, तो म्हणाला, न्यायचं तर हे न्या. सगळ्यांना नाण्याएवढंच हवं असतं, हे कुणी नेत नाही.

पानावरचं चित्र माझ्या खिशात होतं. आता ती नको म्हणणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं. तिने स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड आणलं.

"ते तिथे किती दिवस आहे?"

"आठ महिने."

"एकटंच?"

"एकटंच."

"बाबा, हेच आणा," ती म्हणाली. आणि मग, जरा वेळाने, "तुम्ही नक्की आणाल ना?"

किंमत विचारली, तर याचे पैसे नाहीत म्हणाला. हातांचं काय करायचं ते मला कळेना. दिव्यावर तरी घासाघीस करून बघितली. "दिव्याचा भाव दिव्यावर लिहिलाय. वाचता येतं ना आपल्याला?" मग त्याने अट सांगितली. महिन्यातून एकदा कासव दाखवायला आणायचं. मुलीला पाठवायचं नाही, ड्रायव्हरलाही नाही. "आपण यायचं."

मी दोन महिन्यांतून म्हणालो. तो म्हणाला, महिन्यातून. मी दीड म्हणालो. तो जाळी घेऊन टाकीतला पाला काढू लागला. मी हो म्हणालो.

त्या माणसाचा मला अजून राग येतो. दर महिन्याला टब घेऊन जातो, तो कासवाचे डोळे बघतो, पाठ दाबून बघतो आणि माझ्याशी दोन शब्द बोलत नाही.

कासव मात्र माझ्यासमोर खाईना. मुलीच्या हातून खायचं, मी गॅलरीत आलो की मान आत. "तुम्ही सारखे हलता, बाबा. बसा की," एका रविवारी ती म्हणाली. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो. फोन आत फ्रिजवर ठेवलेला. तो वाजला. साइटवरचा असणार, काच आली असणार किंवा आली नसणार. मी अर्धा उठलो, मान आत गेली. पुन्हा बसलो. पाय सारखा हलत होता, तिने माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

बऱ्याच वेळाने नाक बाहेर आलं. मी दाणा धरून होतो. बोटाजवळ आलं, थांबलं, आणि खाल्लं.

"बाबा," कासवावरची नजर न काढता ती अगदी हळू म्हणाली, "माझ्या सायकलची चेन सारखी पडते. तुम्ही बसवून द्याल?"

हो म्हणालो. मीही हळूच. फोन आत पुन्हा वाजायला लागला होता.