पिशवी तयार होती, तरी आम्ही चुकलो

लेकीला मांडीवर घेऊन लिहितेय. टाइप करताना चुकलं तर सांभाळून घ्या.

दुपारी बेटेगावच्या आमच्या घरी अचानक मोठा आवाज झाला आणि खिडक्यांच्या काचा हादरल्या. सासूबाई डहाणूकडच्या, भूकंपाचे धक्के सोसलेल्या. घर हाललं की आधी बाहेर, हे त्यांनी आम्हालाही शिकवलंय. दारामागे पिशवी कायम भरलेली असते: पाणी, टॉर्च, औषधं, कागदपत्रं.

"चल गो, आदी घर सोड!" त्यांनी पिशवी घेतली, मी लेकीला उचललं आणि आम्ही धावत खाली उतरलो. आपली तयारी किती पक्की, असं वाटलंसुद्धा मला.

गेटपाशी पोचलो आणि घसा जळायला लागला. भूकंप नव्हताच. जवळच्या एका कंपनीत स्फोट होऊन गॅस सुटला होता, आणि आम्ही नेमक्या त्यातच येऊन उभ्या होतो. वरून शेजारीण ओरडली, "आत या! खिडक्या लावून घ्या!"

लेक खोकून लालबुंद झाली. पिशवीतल्या पाण्याने ओढणी भिजवून तिच्या तोंडाला लावली, तशीच वर पळाले. सासूबाईंना जिना चढवेना, मी परत खाली जाऊन त्यांना धरून आणलं. खिडक्या लावल्या, दाराखाली ओला टॉवेल कोंबला.

आता वास गेलाय, तिघी ठीक आहोत.

मगाशी सासूबाई म्हणाल्या, "हादरा बसला तर बाहेर, वास आला तर आत. समजलं. पन हादऱ्यानंच कंपनीतली टाकी फुटली, तर कुठं जायचं?"

म्हणून इथे विचारतेय. तुमच्या घरी ठरलंय?