कडेचं पाव इंच

माझ्यासमोर टेबलावर एक बोथट कापडी चांदणी पडली आहे. काल ती अशी नव्हती. तुकडे जोडून गोधडीसाठी सरावाचा चौकोन शिवला, तेव्हा त्यात तिची आठही टोकं सुईसारखी आली होती. फक्त टोकांच्या पुढे पाव इंच कापड उरलं होतं. ते डोळ्यांना खुपलं, म्हणून मी चारी बाजूंनी कापून टाकलं आणि ऐटीत शैलाताईंना दाखवायला नेलं. गोधडी मी त्यांच्याकडेच शिकते.

"टोकं छान साधलीत. पण कडेचं कापड कुठं गेलं?"

"जास्तीचं होतं, कापलं."

"अहो, ते जोडायला ठेवायचं असतं! आता शेजारचा चौकोन लावलात, की टोकं शिलाईत जाणार."

तसंच झालं.

सरावाचा तुकडा, त्याची हळहळ नाही. पण त्याच्याकडे बघताना लेकीशी परवा झालेलं बोलणं आठवत राहिलं. मुद्दा माझाच बरोबर होता, आजही आहे. पण तो मी अगदी कडेपर्यंत नेला, तिच्या उत्तराला जागाच ठेवली नाही. जन्मभर वह्या तपासल्या, चूक दिसली की राहवत नाही. तेव्हापासून तिचा फोन नाही.

शेवटी आत्ता मीच लावला.

"हं, बोल आई," ती म्हणाली. माझ्या जिभेवर एक टोकदार वाक्य तयार होतं. ते तिथंच राहू दिलं.

"चौकोन बिघडला गं," मी म्हणाले. "माझ्याच हातनं."