संकासुराच्या पायाखालचा उजेड

हाताचा खोपा करून त्यात बोटभर उंचीची बाहुली झाकायची, एक डोळा मिटायचा आणि दुसरा फटीला लावायचा. जामसंड्याला आमच्या शेजारच्या काकांकडे तुम्ही गेला असतात, तर ही कवायत तुम्हालाही चुकली नसती. आणि वर काका बजावणार, "उजेड दिसाक व्हयो गो बाय, दिवो नको."

काका निवृत्त वायरमन. जन्मभर खांबांवर चढले आणि म्हातारपणी दशावताराची चिमुकली पात्रं कोरायला बसले. प्रत्येक पात्राची लाकडी बैठक पेढ्याएवढी. ती आतून पोखरून त्यात बटन सेल आणि मोहरीएवढा एलईडी. केसासारखी वायर पायातून वर जायची. त्यांचा संकासुर, दशावतारातला तो काळा राक्षस, तर असा, की खालून उजेड पडला की काळ्या तोंडातली लाल जीभ हलल्यासारखी वाटे. माझी तीन वर्षांची सई किंचाळून माझ्या कुशीत शिरायची आणि लगेच म्हणायची, "परत!"

काकांना देवाचं वेड मात्र भारी. नव्या वस्तूतली पहिली देवापुढे. पहिला आंबा ठीक आहे, पण यांचा पाकिटातला पहिला स्क्रूसुद्धा देव्हाऱ्यात. काकू म्हणायच्या, "आमचो देव आता वायरमन झालो."

एका दुपारी मी मागच्या पडवीत काकूंशी बोलत होते. सई काकांजवळ होती. आतून त्यांची हाक आली, आणि आवाज त्यांचा वाटेना.

"गो बाय, पाकिटात पाच सेल होते. तीन बसयलंय, एक हातात आसा. पाचवो खंय?"

चटई झटकली, लाकडाचा भुसा चाळला. सेल नाही. बटन सेल पोटात गेला तर अन्ननलिका आतून जळते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी सईला धरून समोर उभं केलं.

"सई, खाल्लंस का ते चकचकीत?"

"हो."

"गोड होतं?"

"हो."

त्या वयात ती सगळ्यालाच हो म्हणायची, हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा ते ठाऊक असून काय उपयोग?

देवगडच्या दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात काका पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले होते. हातात रिकामं पाकीट. मध्येच त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या पोटात काय्येक गेलेला नसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रिक्षावाला म्हणाला. आणि देवळाची पायरी न चढणारी मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडले, "व्हय म्हाराजा!" सईला तो खेळच वाटला. तीही ओरडली.

एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पलीकडून काकूंचा आवाज मलाही ऐकू आला, "अवो, सेल देवाकडे आसा! तुमीच ठेवलास मा, पयलो?"

"पोटात काही नाही," बाई म्हणाल्या.

मी सईला घट्ट धरून रडले आणि मग सगळी भीती काकांवर काढली. "तुमच्या त्या दिव्यांनी माझी पोर गेली असती!" सगळ्यांदेखत बोलले. ते एवढंच म्हणाले, "माका आठवणाच नाय गो." मला अजून त्या बोलण्याची लाज वाटते.

आठवड्याने ते दारात आले. उंबरठ्याच्या आत काही आले नाहीत. संकासुर माझ्या हातात दिला. बैठकीची खालची झाकणी चार बाजूंनी स्क्रूने आवळलेली, वरून घट्ट गोंद. "आता कोणाक उघडाक गावाचो नाय," म्हणाले. मी त्यांना आत या म्हटलं, चहा ठेवला. त्यानंतर त्यांनी एकाही पात्रात दिवा घातला नाही.

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. संकासुराचा सेल कधीच संपलाय. सई आता दहावीत आहे. परवा तिने छोटा स्क्रू-ड्रायव्हर लावून पाहिला. झाकणी तसूभर हलेना.

"कशाला एवढं पक्कं केलं असेल गं त्यांनी?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. संकासुरावर हाताचा खोपा केला, एक डोळा मिटला आणि दुसरा फटीला लावून ती बराच वेळ आत बघत बसली.