जुन्या डिस्कमधला पाळणा

माझी बायको पाळणे रचायची. तिचं माहेर उमरग्याच्या पल्याड, कर्नाटकात. लग्न होऊन इकडं ईट गावाला आली तरी तिचे पाळणे निम्मे मराठी, निम्मे कानडीच राहिले. कुठं बारसं असलं की बाया तिला हाताला धरून घेऊन जायच्या.

नात गरोदर राहिली तेव्हा ही अंथरुणाला खिळलेली होती. तरी होणाऱ्या लेकरासाठी तिनं पाळणा रचलाच. मला मात्र ऐकू दिला नाही. "बायांच्यात तुमचं काय काम?" म्हणाली. लेकीचं परंड्यात लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तिनं आईजवळ बसून पाळणा ऐकला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवला.

बायको गेली. पाठोपाठ कॉम्प्युटरही बंद पडला. आतली हार्ड डिस्क नुसती टक टक करायची. लेकीला पाळण्याच्या दोन ओळी आठवायच्या, पुढं अडायचं. तेवढ्यात नात बाळंत झाली, मुलगा झाला, बारसं तोंडावर आलं. लेक रडायला लागली. मी म्हणालो, "रडून मशीन चालत असतं तर म्या कवाच चालू केलं असतं. ऊठ."

धाराशिवला एक पोरगी बिघडलेल्या डिस्कमधलं सामान काढून देते. पोलिसांचीही कामं करते म्हणे, म्हणून मी जरा दबूनच बसलो. तिनं आधी डिस्कची हुबेहूब नक्कल काढायला घेतली. "मूळ डिस्कला आता हात लावायचा नाही, आजोबा. जे करायचं ते नकलेवर. काही चुकलं तर मूळ शाबूत राहतं." हे मला पटलं.

पुढच्या खेपेला मी न् लेक गेलो तर तिचं तोंड उतरलेलं. म्हणाली, "फायली निघाल्या, पण त्यांची नावं पुसली गेलीत. 'बाळ' शोधलं, 'जो जो' शोधलं. मराठीचं एक अक्षर सापडेना. सगळा इंग्रजी कचरा आहे."

माझं तोंड गप बसंना. "माझी लेक मराठी शाळेत शिकली. तिला इंग्रजीत कचरासुद्धा लिहिता येत न्हाय."

"आबा, गप बसा की!" लेक म्हणाली.

पोरगी हसली आणि पुन्हा पडद्यात बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "थांबा. कितीतरी फायलींची पहिली ओळ एकच आहे. तोच कचरा, त्याच क्रमानं. ताई, पत्रिकेच्या माथ्यावर काय छापता?"

"श्री गणेश प्रसन्न. बौद्धांची असली तर नमो बुद्धाय."

पोरीनं कपाळावर हात मारला. लेकीनं सगळं जुन्या फॉन्टात टाइप केलं होतं. तसल्या फॉन्टात दिसायला मराठी, पण मशीनच्या पोटात साठतात इंग्रजी अक्षरं. पोरीनं तो फॉन्ट शोधून चढवला आणि माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याचा श्री गणेश प्रसन्न झाला. मग तिनं त्याच फॉन्टात 'जो जो' टाइप केलं, त्याचा जो कचरा झाला तो घेतला आणि तोच सगळ्या फायलींत शोधला.

एकच फाईल निघाली.

"यात अजून कचरा राहिलाय वाटतं," पोरगी म्हणाली. "हे 'मलगु कंदा' काय आहे?"

"कचरा न्हाय, कानडी हाय ते. नीज लेकरा म्हणतीय ती. लेकीनं कानावर पडलं तसं लिवलंय."

लेक मोठ्यानं वाचायला लागली. वाचता वाचता अडखळली, माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसू दाबायला लागली.

पणजा तुझा लई तिरसट, बोलाया कडू कडू
त्याच्या हाती दोरी द्या गं, गुमान लागंल ओढू

"आजोबा, हे तुम्हीच का?" पोरीनं विचारलं.

"मग काय तुमचा आजा?" म्हणालो, आणि मलाच हसू फुटलं. बायको गेल्यापासून असा हसलो नव्हतो. हसता हसता डोळे वाहायला लागले, तर वाहू दिले. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. येताना एसटीत खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपलो.

बारशाला बायांनी पाळणा गायला. मी दारातच उभा होतो. त्या ओळी आल्या तशा सगळ्याजणी माझ्याकडं वळल्या. "या की आता पुढं," लेक म्हणाली. "आईनं सांगितलंय."

गेलो आणि दोरी धरली. पोरगं काही झोपलं नाही, टकामका बघत राहिलं. बाया जेवायला बसल्या, मला दोनदा हाक मारली. मी म्हणालो, "जेवा तुमी. मला काम हाय."