मिस लुसिलची टेकडी

माझ्या बायकोला माझं जवळजवळ सगळं ठाऊक आहे. हे नाही. मुलींनाही नाही. आज तुम्हाला सांगतोय ते धीर आला म्हणून नव्हे — हे आत घेऊन हिंडायचा कंटाळा आलाय, इतकंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी व्हर्जिनियाच्या उत्तरेला, हर्नडनला, एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत सिव्हिल इंजिनिअर होतो. त्याच राज्याच्या दक्षिणेला एक काउंटी आहे, नाव राहू द्या. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, पण माणसं आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाइतकीच. तांबडी चिकण माती, तंबाखूची शेतं, पानं वाळवायची काळी पडलेली लाकडी कोठारं, आणि हवा स्वच्छ असली की पश्चिमेला निळसर डोंगर. रेल्वे कधीकाळी आली होती आणि निघूनही गेली होती. कापडाची गिरणी नुकतीच बंद पडलेली. आता एक मोठं गोदाम येणार होतं, त्याच्या ट्रकांसाठी रस्ता रुंद करायचा होता. लोकांना तो रस्ता हवा होता. पोटाचा प्रश्न होता. त्यात कुणी राक्षस नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

सोमवारी ड्राइव्ह करून जायचं, मोटेलात राहायचं, शुक्रवारी परत. मोजणी करताना मिस लुसिल भेटल्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, आपण काकू म्हणतो तसं. रिटायर झालेल्या शिक्षिका, काळ्या. काळ्या मुलांची शाळा वेगळी होती त्या काळापासून शिकवत आलेल्या. अर्ध्या काउंटीला त्यांनी लिहायला शिकवलं असेल. मला त्या बर्फ घातलेला गोड चहा द्यायच्या आणि काउंटीची गोष्ट सांगायच्या — कुठला मळा कुणाचा, कुठल्या ओढ्यावर बाप्तिस्मा व्हायचा, गुलामगिरी संपल्यावर कुठली कुटुंबं कुठे सरकली.

एका दुपारी त्या मला रस्त्याच्या आखणीत येणाऱ्या एका टेकडीवर घेऊन गेल्या. देवदारासारखी काळपट झाडं, खाली जमिनीवर पसरलेली निळ्या फुलांची वेल, आणि वेलीत रोवलेले धोंडे. एक उशाला, एक पायथ्याला. एकावरही अक्षर नाही. मिस लुसिल मात्र एकेका धोंड्यापाशी थांबून नाव घेत होत्या. आजोबा. आई. पाळण्यात गेलेला भाऊ.

मग त्यांनी विचारलं, "आणि तुझी माणसं कुठे असतात रे?"

मी भंडाऱ्याकडचा, बौद्ध. आमची माणसं ओढ्यापलीकडे पुरतात, गावाच्या स्मशानापासून लांब. त्यांच्या उशालाही असेच बिननावाचे धोंडे आहेत. ते धोंडे पाहताक्षणी मला ओळखू आले होते. आणि मी काय म्हणालो? "आमच्यात दहन करतात, मॅम. राख नदीत सोडतात." हर्नडनच्या मराठी मंडळींत अशीच उत्तरं द्यायची सवय झाली होती. आडनाव पुसटसं उच्चारायचं, गावाचा विषय बदलायचा. तिथे भीती तरी होती. टेकडीवर कसली होती?

माझा बॉस रॉन. त्याला मी धोंड्यांचं सांगितलं. कबरी निघाल्या तर काम वर्षभर रखडेल, रस्ता वळवावा लागेल. तो ओरडला नाही, धमकी दिली नाही. एवढंच म्हणाला, "धोंड्यांवर नावं आहेत का? नाहीत ना? शेत साफ करताना लोक दगड बाजूला टाकतातच." माझ्या ग्रीन कार्डाचे कागद त्याच कंपनीतून गेले होते. त्याने तो विषय काढला नाही. मीच मनात काढला.

काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये रस्त्याबद्दल लोकांची सभा भरली. मिस लुसिल चर्चला जायची हॅट घालून आल्या होत्या. त्या टेकडीबद्दल बोलल्या. मग काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या अध्यक्षाने मला विचारलं, साइटवर कबरी दिसल्या का? मी म्हणालो, शेतातून काढलेले दगड दिसले.

त्या उठून म्हणाल्या, "बेटा, मी तुला नावं सांगितली होती."

मी नकाशाकडे बघत राहिलो.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं. ते खोटं निदान चारचौघांसमोर होतं.

पुढच्या वसंतात मशिनं आली. वेल निघाली, धोंडे निघाले, टेकडीचा माथा खरवडला जाऊ लागला. आणि तांबड्या मातीत काळपट चौकोन उमटले — माणसाच्या लांबीचे, एकाशेजारी एक, सगळे पूर्व-पश्चिम. एक अगदी आखूड होता. खणून पुन्हा भरलेली जमीन कशी दिसते ते मला कळतं, ते माझं शिक्षणच आहे. मशिनवाल्यालाही कळलं असावं. त्याने मशिन थांबवलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंच होतो तिथे. रॉन नव्हता, बोर्ड नव्हतं. मी थांब म्हणालो असतो तर तो थांबला असता.

मी हाताने खूण केली — चालू दे.

मला वाटलं होतं, इथवर सांगितलं की झालं. नाही झालं.

रस्ता सुरू झाल्यावर एकदा पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिस लुसिल दिसल्या. काठी आली होती हातात. मी फ्रिजआड सरकलो, पण त्यांनी पाहिलं होतं. जवळ आल्या. राग नव्हता चेहऱ्यावर — राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "खोदलं तेव्हा काही सापडलं का रे? खरं सांग. मी कुणाला बोलणार नाही."

तोवर माझं कार्ड आलं होतं. मला गमावायला काहीच नव्हतं.

"नाही, मॅम. काहीच नाही."

त्यांनी डोळे मिटले. "थँक यू, जीझस," म्हणाल्या. मग थोडं हसून, स्वतःशीच — "म्हणजे मीच जागा चुकले. म्हातारपण. इतकी वर्षं भलत्याच टेकडीवर फुलं वाहत होते मी."

मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. दार लावून दिलं.

पुढे त्या गेल्याचं कळलं. शेवटी शेवटी त्या आसपासच्या टेकड्यांवर जाऊन आईची कबर शोधायच्या, असं त्यांच्या भाचीने त्याच दुकानात कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं. मी कॉफीचे पैसे दिले आणि निघालो.

त्या जागा चुकल्या नव्हत्या.