मधल्या मुलाबद्दल

दाऊदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं आखातात, गुदैबियातल्या दुकानात पापलेट साफ करून घेत होते. तुकडे करू की अख्खं ठेवू, असं मासेवाला विचारत होता. महिना उलटला. अजूनही जिन्यात त्यांचं खाकरणं ऐकू येतं आणि मी वेड्यासारखी दार उघडते. कुणी नसतं.

रत्नागिरीकडचे दाऊदभाई आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. तरुणपणी एका अमेरिकन साहेबाची गाडी चालवताना त्याच्या गप्पांतून त्यांना तिकडच्या एका जुन्या घराण्याचं वेड लागलं. बाप अमेरिकेच्या सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षांपैकी एक, पुढं मुलगाही राष्ट्राध्यक्ष, नातू लंडनला राजदूत. शाळेच्या प्रोजेक्टसाठी माझी सई त्यांच्याकडं जायची. ती इंग्रजीत विचारायची, ते मराठीत सांगायचे, जणू ती माणसं खाडीपलीकडच्या गावात राहतात. "कझन काय कझन? मामेभाऊ की आतेभाऊ ते बोल," असं तिला दटावायचे. कोण कुणाचा व्याही, कुणाची सून कुठली, सगळं तोंडपाठ. फक्त त्या बापाच्या तीन मुलांपैकी मधल्याची वेळ आली की त्यांना चहा हवा असायचा.

एकदा मीही तिथं होते, तेव्हा सईनं अडवलंच. "बट अंकल, व्हॉट हॅपन्ड टू हिम?"

"दारू," ते म्हणाले. "बापानं त्याचं तोंड बघायचं सोडलं. तसाच मेला तो. मग सून आणि नाती आणून ठेवल्या घरात... काय उपयोग?"

सई खाली गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, आमच्या पोराला, इम्रानला मीपण दारूपायी असाच घराबाहेर काढला. आता सोडलीय म्हणे त्यानं. सुट्टीला गेलो की भेटतो. इंशाल्ला."

"आत्ताच फोन करा ना."

"हे फोनवर होत नाही. समोर बसावं लागतं."

इथं आम्ही सगळेच असे. घराचं गळकं छप्पर, आईचे डोळे, भावाशी धरलेला अबोला, सगळं सुट्टीवर ढकलतो. दाऊदभाईंची सुट्टी मंजूर झाली, बॅग भरून झाली, आणि निघायच्या आधीच ते गेले. दफनही इथंच झालं. त्यांची बॅग आमच्याकडं आहे.

परवा इम्रानचा फोन आला. "काकी, अब्बा माझं नाव घ्यायचे?"

"तुझ्याकडंच यायला निघाले होते रे."

"माणूस गेल्यावर सगळे असंच बोलतात," तो शांतपणे म्हणाला.

मला राहवलं नाही. बोलता बोलताच मी ती बॅग उघडली. वरतीच एका पिशवीत एकाच गुलाबी रंगाचे तीन फ्रॉक होते, एकापेक्षा एक मोठा. नात, इम्रानची मुलगी, केवढी झाली असेल, याचा त्यांना अंदाज नव्हता. विचारणार तरी कुणाला? मुलाचा विषय त्यांनी घरात कुणालाच काढू दिला नव्हता. मी फ्रॉक मांडीवर घेतले आणि इम्रानला सांगितलं. सर्वांत मोठाही फार तर आठ-नऊ वर्षांच्या मुलीला येईल एवढा.



"काकी," तो म्हणाला, "ती आता दहावीला आहे."